नयी गयते

मोटारीत बसून, डोक्यावर आठ पखाली पाणी ओतून घेत, निवांत चहा पिणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. अमरावतीच्या राजापेठेत पावसाळ्याच्या आधी तो आठवड्यातून दोनदा दिसायचा, आणि त्याला बघायला टांगेवाले टांगे थांबवायचे. तो माणूस मी.

माझा धंदा मोटारींच्या छत्र्यांचा. आता पत्र्याच्या बंद टपाच्या मोटारी येऊ लागल्या आहेत, त्यामुळे नव्या पोरांना वाटतं की मोटार टपासकटच जन्माला येते. पण आम्ही हातात सुई धरली तेव्हा बहुतेक मोटारी उघड्या असत. वर लाकडी कमानींवर ताणलेलं जाड कापड. ऊन नसेल तेव्हा मागं घडी घालून ठेवायचं, पाऊस आला की ओढून काचेच्या चौकटीला अडकवायचं. कुणी त्याला हूड म्हणे, कुणी टप. पुण्याच्या लष्कर भागात मी ज्या कारखान्यात शिकलो, तिथं आम्ही छत्रीच म्हणायचो. बग्गीची छत्री, मोटारीची छत्री. माणसाच्या छत्रीसारखीच ती गळते, आणि माणसाच्या छत्रीसारखाच तिचा मालक कधी कबूल करत नाही की आपण ती ओली असताना मिटून ठेवली होती.

बाहेरच्या माणसाला वाटतं, कापडाला भोक पडलं म्हणून पाणी येतं. भोक सोपं असतं, ते दिसतं. न दिसणारी गळती शिवणीतून येते. प्रत्येक टाका म्हणजे कापडाला तुम्ही स्वतः पाडलेलं भोक. म्हणून सुई दोऱ्यापेक्षा बारीक हवी, दोरा सुती हवा आणि मेणात घोळलेला हवा. पाणी लागलं की तो फुगतो आणि आपलं भोक आपणच बुजवतो. मेण मी मेळघाटातलं वापरायचो. सेमाडोहकडून येणारं, काळपट, धुराचा वास असलेलं. त्या मेणाची पुण्याच्या पांढऱ्या मेणाला सर नाही. वऱ्हाडातला वैशाख कापडातलं रबर वितळवतो, पण ते मेण शिवणीत घट्ट बसून राहतं.

दुसरी गोष्ट, पाणी जिथं टपकतं तिथं ते कधीच शिरलेलं नसतं. मागं शिरतं, कमानीवरून घसरत येतं आणि पुढं बसलेल्या गृहस्थाच्या मानेत पडतं. गृहस्थ वर बोट दाखवून म्हणतात, "इथं गळतंय." तिथं काहीच नसतं. त्यासाठी मी छत्रीला आतून खडू फासायचो आणि रहमानचाचा या भिस्त्याला पखालीसकट शिडीवर चढवून वरून पाणी सोडायला लावायचो. खडूवर ओल्या रेघेनं पाण्याचा रस्ता उमटायचा. ती रेघ उलटी चालत गेलं की चोर सापडे. दुरुस्ती झाली की शेवटची परीक्षा: मी मागच्या सीटवर, हातात बशी, वर रहमानचाचा. बशीत थेंब पडला तर छत्री पुन्हा शिवायची. बघ्यांना माझा चहाच दिसायचा. चाचा वरून ओरडायचा, "मास्तर, साखर कमी पडली तर सांगा, पाणी मी घालतो."

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. अकोल्याच्या एका वकीलसाहेबांची तक्रार होती की पावसात गाडीत भिजायला होतं. छत्री तपासली, खणखणीत. मी त्यांच्याबरोबर कोर्टापर्यंत गेलो तेव्हा उलगडा झाला. पाऊस पडत होता आणि साहेब छत्री मागं मिटून, हातात दुसरी काळी छत्री उघडून, मोटारीत ताठ बसले होते. म्हटलं, साहेब, छत्री वर का नाही ओढत? ते म्हणाले, "मग मी बसलोय हे पक्षकारांना दिसणार कसं?" मी त्यांना छत्रीच्या बाजूच्या पडद्याला अभ्रकाची मोठी खिडकी लावून दिली. ते इतके खूश झाले की उन्हाळ्यातही छत्री वर ओढून घाम गाळत खिडकीतून नमस्कार घेत फिरत.

पण आज सांगायची आहे ती अचलपूरच्या यमुनाबाईंची गोष्ट. माझ्या दुकानात पंधरा वर्षं जी युक्ती 'मास्तरांची खास रीत' म्हणून गाजली, तिची खरी मालकीण ती बाई. हे मी आजवर कुठं बोललो नाही. आता बोलतो.

मला अमरावतीला येऊन तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते. यमुनाबाईंचा अचलपूरला नदीकाठी भाजीचा मळा. वांगी, कोथिंबीर, कडेनं पपई आणि शेवंती. थोरला मुलगा नागपूरच्या गिरणीत गेला, तो पहिले दोन पोळे घरी आला आणि मग यायचाच थांबला. धाकटा नामदेव चिखलदऱ्याला एका साहेबाकडे मोटार चालवायला शिकला. साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्याची जुनी मोटार या मायलेकांनी घेतली. बेत असा की नामदेवनं अचलपूर ते अमरावती उतारू न्यायचे आणि पायाशी वांग्याच्या टोपल्या ठेवायच्या. त्यासाठी सरकारी परवाना लागायचा. मोटार इन्स्पेक्टर गाडी बघायला आला तो नेमका धो धो पावसात. मागच्या सीटवर पाणी, पुढं पायाशी पाणी. साहेबाचे बूट भरले. त्यानं गाडी नापास केली आणि श्रावण संपता संपता पुन्हा येईन म्हणाला. नामदेवला नागपूरच्या एका शेठनं ड्रायव्हरकीचा निरोप आधीच धाडला होता. दुसऱ्यांदा नापास झाली तर गाडी विकून तो जाणार होता.

यमुनाबाई त्याच्याबरोबर माझ्या दुकानात आल्या होत्या. पन्नाशीच्या, सडसडीत, बोलताना समोरच्याच्या हातांकडे बघणाऱ्या. मला म्हणाल्या, "मास्तर, एक पोरगं नागपूरनं नेलं. हे नेऊ नोका देऊ." पुण्याच्या कानाला ते हुकूम सोडल्यासारखं वाटलं. ती विनंती होती, हे मला नंतर कळलं.

जुनी छत्री कुजलेली होती. मी नवी शिवली, आणि काय शिवली. दुहेरी शिवण, मेणाचा दोरा, कडेनं पितळी खिळे. आठ पखाली ओतल्या, मी मागच्या सीटवर बसून चहा प्यायलो. बशीत थेंब नाही. रस्त्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाकून नमस्कार केला, ते जरा जास्तच झालं असावं. नामदेव गाडी घेऊन गेला.

आठवड्यानं, सोमवारी, यमुनाबाईंच्या शेजारचा मळेकरी भाजी घेऊन अमरावतीला आला आणि माझ्या दुकानाच्या पायरीवर उभा राहून त्यानं निरोप सांगितला. "यमुनाबाईनं सांगतलं, नयी गयते. लवकर या. बुधवारी साहेब येऊन राहिला."

मी विचारलं, "नई?"

"हो, नयी. नयीच गयते म्हने."

इथं बाहेरगावच्या वाचकांसाठी थांबतो. वऱ्हाडी बोलीत हिंदी शब्द मुक्तपणे फिरतात, हे मला पाच महिन्यांत समजलं होतं. 'गयते' म्हणजे गळते, हेही समजलं होतं, कारण माझ्या दुकानात येणारा प्रत्येक माणूस तेच बोलायचा. तेव्हा 'नयी गयते' याचा अर्थ माझ्या लेखी एकच: नवी छत्री गळते. माझी छत्री. आठ पखाली, चहा आणि टाळ्यांची.

मंगळवारी सकाळी पहिल्या लॉरीनं मी अचलपूरला पोचलो. सुया, दोरा, मेण, कापड, सगळं घेऊन. आमची लॉरी पुलावरून कशीबशी गेली आणि मागं पूर्णेला पूर चढला; पूर उतरेपर्यंत रस्ता बंद झाला. इन्स्पेक्टर आदल्या दिवशीच अचलपूरला लागून असलेल्या परतवाड्याच्या डाकबंगल्यात येऊन उतरला होता, म्हणजे त्याची काही अडचण नव्हती. अडचण फक्त आमची.

गाडी मळ्याच्या कडेला उभी. नामदेव म्हणाला, मास्तर, पुढंच गळतं, पायाशी. मी वाकून पाहिलं. पुढची चटई चिंब होती, सीट कोरडी. शहाण्या माणसानं इथंच विचार करायला हवा होता. सीट कोरडी आणि चटई ओली, म्हणजे पाणी छत्रीतून कसं येईल? पण मी त्या वेळी शहाणा नव्हतो, मी अपमानित होतो. पुढच्या पट्टीतून येतंय, असं मी मोठ्यानं जाहीर केलं, कात्री काढली आणि माझीच सुंदर शिवण या टोकापासून त्या टोकापर्यंत उसवली. मग उजव्या बाजूचीही.

यमुनाबाई कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होत्या. त्या उठून आल्या आणि माझ्या हाताकडे बघत राहिल्या.

"मास्तर, चांगली हाय ते. काहून उसवून राहिले?"

"तुम्हीच कळवलंत ना, नवी गळते म्हणून?"

"नवी कोन म्हनलं? मी म्हनलं नयी."

"नयी म्हणजे नवीच की."

"नवी म्हंजे नवी," त्या म्हणाल्या, लहान मुलाला सांगावं तसं. "अन् नयी म्हंजे नयी. पानी जाते ते." आणि त्यांनी बोटानं हवेत एक लांबट पोकळ आकार काढून दाखवला.

नळी.

या बोलीत 'ळ'चा 'य' होतो, हे मला ठाऊक होतं. गळतेचं गयते होतं, डोळ्याचा डोया. पण नळीचीही नयी होईल, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही, कारण माझ्या डोक्यात माझी छत्री बसली होती. नामदेव मटकन चिखलात बसला. मग तो हसायला लागला, आणि हसता हसता माझ्या हातातली कात्री पाहून त्याचं हसू थांबलं. आधी नळी गळत होती. आता, माझ्या कृपेनं, नवीही गळणार होती. एकदा टाक्याची भोकं पडली की ती कापडात राहतात. उसवलेली शिवण त्याच जागी पुन्हा घातली तर चाळण होते.

यमुनाबाईंनी मला गाडीत वाकायला लावलं. समोरच्या काचेच्या पुढं, बॉनेटच्या मागं, एक छोटी झडप असते. उन्हाळ्यात उतारूंच्या पायांना वारा लागावा म्हणून. झडपेच्या फटीतून शिरणारं पावसाचं पाणी झेलायला खाली पन्हळ असते आणि पन्हळीपासून एक बोटभर जाडीची रबरी नळी ते पाणी गाडीखाली सोडते. ती नळी मधोमध उभी चिरली होती. मी पाणी ओतलं होतं ते सगळं छत्रीवर आणि बसलो होतो मागच्या सीटवर. पुढं कोण बघतो?

मी विचारलं, मावशी, हे तुम्हाला सापडलं कसं? नामदेव म्हणाला की त्यानं आईचं ऐकलंच नव्हतं. माय, तुले वांगं समजते, मोटार नाही, असं तो म्हणाला होता. यमुनाबाईंनी मला मळ्यात नेलं आणि पाटाकडे बोट दाखवलं.

मळ्याला पाणी देताना एक मोठा पाट असतो आणि त्याला वाफ्यावाफ्यांची तोंडं. कुठं पाणी झिरपतंय हे कळत नसेल तर सगळी तोंडं मातीनं बांधून टाकायची आणि एकेकच मोकळं करायचं. "सगयं मोकयं ठेवलं तं पानी सांगत नाही," त्या म्हणाल्या. मोटारीचं त्यांनी तेच केलं होतं. आख्ख्या छत्रीवर, काचेवर, दारांवर केळीची पानं बांधली, खाली चटई काढून राख पसरली, आणि एकेका जागचं पान सोडून तिथंच कळशीनं पाणी टाकलं. दारावर टाकलं, राख कोरडी. काचेखाली टाकलं, कोरडी. झडपेवर टाकलं आणि राखेत खळगा पडला.

मी पुण्याच्या कारखान्यात सहा वर्षं काढली होती. खडू, शिडी, पखाल, एवढा सगळा तमाशा करून मी सगळी तोंडं एकदम मोकळी सोडत होतो आणि पाण्याच्या मागं पळत होतो. त्या बाईनं पाण्याला एकच वाट ठेवली आणि राख पसरून उभी राहिली. त्या दिवसापासून माझ्या दुकानात आधी सगळं बांधायचं आणि मग एकेक सोडायचं, हीच रीत. लोकांना मी सांगायचो की ही मी लावून घेतली. का सांगायचो? मळेकरी बाईकडून शिकलो म्हणायला जीभ वळली नाही. त्याचं आता वाईट वाटतं, आणि ते वाटायलाच हवं.

मंगळवारचा उरलेला सगळा दिवस मी छत्री शिवली. जुन्या भोकांवर कापडाची रुंद पट्टी घेतली, दोन्ही कडांना नव्या जागी टाके घातले, आणि यमुनाबाईंनी चुलीवर उलथनं तापवून मेण शिवणीत जिरवलं. त्यांचा हात माझ्याहून स्थिर होता. शेवटच्या टाक्याला अजून उजेड होता, एवढीच देवाची कृपा.

राहिली नळी. तशी रबरी नळी अमरावतीत मिळाली असती. मध्ये पूर्णेचा पूर. नामदेवनं बाजारातून सायकलची ट्यूब आणली, ती पन्हळीच्या तोंडाला ढगळ झाली, गुंडाळून बांधली तर घडीतून पाणी झिरपलं. आम्ही दोघं पुरुष तिच्याकडे बघत बसलो होतो. यमुनाबाई उठल्या, पपईच्या झाडाचं एक मोठं पान तोडलं, पान टाकलं आणि देठ ठेवला. पपईचा देठ आतून पोकळ असतो. हातभर लांब, बोटभर जाड. पन्हळीच्या तोंडात तो बसवला तेव्हा टच्च आवाज झाला. मी दोन्ही टोकांना मेण लावलं आणि दोऱ्यानं आवळलं. हे माझ्या आयुष्यातलं सर्वांत हिरवं काम.

बुधवारी दुपारी इन्स्पेक्टर आला. उंच, चकचकीत बूट, मिशा टोकदार. मागच्या वेळची आठवण त्याच्या बुटांना असावी, कारण गाडीजवळ येताच त्यानं ते काढले, मोजेही काढले, आणि अनवाणी पुढच्या सीटवर जाऊन बसला. म्हणाला, टाका पाणी.

पाऊस उघडला होता, म्हणून पाणी यमुनाबाईंनी घातलं. कळशीमागून कळशी. छत्रीवर, काचेवर, दारांवर. झडपेवर त्यांनी दोन कळशा जास्त घातल्या, तेव्हा नामदेवनं डोळे मिटले. मी मनात सगळ्या देवांना मेणबत्त्या कबूल केल्या, जे आमच्या घरात कुणी करत नाही. इन्स्पेक्टरनं खिशातला पांढरा रुमाल चटईवर फिरवला, उजेडात धरला. कोरडा. मग तो खाली वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"हे हिरवं काय आहे?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. विलायती रबर आहे साहेब, नवीन निघालंय. मी एक पाऊल पुढं टाकलंसुद्धा.

"पपईचा देठ हाय, साहेब," यमुनाबाई म्हणाल्या. कळशी अजून कमरेवर होती. "चार-आठ दिस चालते. मंग वायते. तवर हे मास्तर रबराची लावून देतात. पूर आला म्हून राहिली."

इन्स्पेक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. त्यानं देठाला बोटानं टिचकी मारली, बाहेर आला, मोजे घातले, बूट घातले, नाड्या बांधल्या. इतक्या सावकाश नाड्या बांधणारा माणूस मी त्यानंतर पाहिला नाही. मग त्यानं कागद काढला, बॉनेटवर ठेवून लिहिला आणि म्हणाला, "आठ दिवसांत रबराची नळी बसवायची, या अटीवर पास."

नामदेव ओरडला. मीही ओरडलो. यमुनाबाई ओरडल्या नाहीत. कळशी खाली ठेवून त्या इन्स्पेक्टरजवळ गेल्या.

"कागदावर काय लिवलं, साहेब?"

"गाडी पास केली आहे, बाई."

"ते समजलं. कुठून कुठलोक लिवलं?"

त्यानं वाचून दाखवलं, इंग्रजीत. मग यमुनाबाईंच्या चेहऱ्याकडे बघून मराठीत. "एलिचपूर ते उमरावती. उतारूंसाठी."

"एलिचपूर म्हंजे आपलंच ना?"

"आपलंच."

"अन् उमरावतीच्या पुढं? तिवसा, नागपूर?"

"पुढं नाही. पुढं नेली तर गाडी जप्त होईल," इन्स्पेक्टर जरा दरडावून म्हणाला. त्याला वाटलं असावं, ही बाई आणखी मागते आहे.

"तसं लिवलं काय त्याच्यात?"

"लिहिलं आहे."

"पुन्हा वाचा," यमुनाबाई म्हणाल्या. "अन् नाम्या, इकडं ये. आयक."